शेखाडीचं नाव पुढे करू नका

परदेशी उपग्रह कंपनीला किंवा समुद्राखालून केबल आणणाऱ्या कंपनीला परवाना द्यायला दिल्लीत इतकी वर्षं का लागतात, हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. वाहिन्यांवरच्या चर्चेत निवृत्त अधिकारी ते देतात, सरकारी बाजू मांडणारे देतात आणि आता अलिबाग-मुरूडच्या कट्ट्यांवरही ते ऐकू येतं. "तुमच्याच किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं ना? मग कागद कमी करा म्हणता कसं?" शेखाडी, २६/११ आणि हरिहरेश्वरची ती बोट ही तीन नावं घेतली की समोरचा गप्प होतो.

मी गप्प बसायला तयार नाही. मी याच रायगडच्या किनाऱ्यावर राहतो. इथं काय घडलं आणि ते कशामुळे घडलं याची नोंद न्यायालयाच्या निकालांत आहे, लोकांच्या आठवणीत आहे. ती नोंद नीट वाचली तर हा युक्तिवाद टिकत नाही. आमच्या गावांची नावं घेऊन चालवलेला हा बचाव आमच्याच गावांचं नुकसान करतो, हे मला इथं मांडायचं आहे.

आधी हे कागद कोणते, ते पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार सेवा द्यायची तर अर्जदार कंपनी भारतात नोंदलेली असावी लागते. नोंदणीचा दाखला, कंपनीचे घटनापत्र आणि नियमावली, भागधारकांची यादी, त्यात परदेशी वाटा किती याचा तपशील, संचालकांची माहिती, भांडवलाचा आणि नक्त मत्तेचा दाखला, संचालक मंडळाचा ठराव, बँक हमी अशी ती चळत असते. इथपर्यंत माझी तक्रार नाही. देशाबाहेर जाणारा प्रत्येक शब्द ज्याच्या यंत्रातून जाणार, त्याची मालकी कोणाची हे सरकारला माहीत असायलाच हवं. तक्रार पुढची आहे. दूरसंचार विभागात अर्ज दिला की पडताळणीसाठी तो गृहखात्याकडे जातो. उपग्रह असेल तर अंतराळ क्षेत्राची मंजुरी वेगळी, लहरींचं वाटप वेगळं, जमिनीवरच्या केंद्राची परवानगी वेगळी, आणि संभाषण तपासयंत्रणांना ऐकता येईल याचं प्रात्यक्षिक वेगळं. केबल असेल तर त्यात संरक्षण, पर्यावरण, जहाजवाहतूक, सीमाशुल्क आणि राज्याचं किनारा क्षेत्र प्राधिकरण येतं. यातल्या बऱ्याच ठिकाणी तीच माहिती पुन्हा वेगळ्या नमुन्यात भरावी लागते. एका खात्यानं पाहिलेला कागद दुसरं खातं पाहिलेला मानत नाही.

वनवेबचं उदाहरण घ्या. भारती समूहाचा मोठा वाटा असलेल्या या कंपनीला ऑगस्ट २०२१ मध्ये उपग्रह सेवेचा परवाना मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिचे ३६ उपग्रह आणि मार्च २०२३ मध्ये आणखी ३६ उपग्रह आपल्याच इस्रोनं श्रीहरिकोट्याहून अवकाशात सोडले. भारतात सेवा देण्यासाठी लागणारी अंतराळ मंजुरी मात्र तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली. ज्या उपग्रहांवर भरवसा ठेवून आपण आपलं सर्वांत मोठं रॉकेट वापरलं, त्याच उपग्रहांबद्दलची फाईल दिल्लीत फिरत होती. स्टारलिंकला नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं बजावलं की परवाना नसताना ग्राहकांकडून आगाऊ नोंदणी घेऊ नका. हे बजावणं योग्यच होतं. पुढच्या वर्षी तिनं अर्ज केला आणि परवाना आला जून २०२५ मध्ये. नकार द्यायचा असता तर सरकारला तो लगेच देता आला असता. सरकारनं ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. २०२५ संपलं तरी या दोघींपैकी कोणाचीही सेवा सामान्य ग्राहकाला मिळू लागली नव्हती.

आता शेखाडीकडे वळू, कारण सगळा भार तिच्यावर टाकला जातो.

जानेवारी १९९३ मध्ये दिघीला शस्त्रं उतरली आणि फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. दिघीचा माल घेऊन निघालेले ट्रक म्हसळ्याकडच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. अडवले होते, हे लक्षात घ्या. तपासणी झाली, माल पकडला गेला आणि मग सौदा ठरला. लाचेची रक्कम हाती येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या गेल्या आणि ट्रक पुढे सोडले गेले. मार्चमध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. टाडा न्यायालयानं पोलिसांना आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या खटल्याचा अंतिम निकाल दिला. ट्रक अडवले त्या रात्री कमी काय पडलं? कायदा होता, नाका होता, गणवेश होता, तपासणीचा अधिकार होता. फाट्यावर उभा असलेला माणूस विकला गेला. ज्यांना शेखाडीपासून धडा घ्यायचा आहे त्यांनी तपासणाऱ्याची तपासणी कोण करतो हे विचारावं. परवान्याच्या अर्जाला आणखी एक जोडपत्र लावून गोंडघर फाटा बंद होत नाही.

आणि आणखी एक. त्या काळात परदेशी बोलायचं तर फक्त विदेश संचार निगमच्या मार्गे बोलता येत होतं. १ एप्रिल १९८६ ला ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ३१ मार्च २००२ पर्यंत तिची मक्तेदारी होती. म्हणजे १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचाराचा एकही खासगी परवानाधारक या देशात नव्हता. नियंत्रण जास्तीत जास्त कडक होतं, शंभर टक्के सरकारचं होतं, आणि तरी दुबईहून आखलेला कट आमच्या खाडीत उतरला. कडक परवाना म्हणजे सुरक्षित किनारा हे समीकरण मांडणाऱ्यांनी १९९३ चा हिशेब आधी द्यावा.

२६/११ चा दाखला याहून कच्चा आहे. ते दहा जण ज्या 'कुबेर' नौकेतून आले ती पोरबंदरची मच्छीमार नौका होती. खोटी नव्हे, खरीखुरी. तिला पळवून, तिच्यावरच्या खलाशांना मारून ते मुंबईपर्यंत आले. त्यांच्याकडे थुराया उपग्रह फोन होता, आणि तो आणण्यासाठी त्यांनी भारत सरकारकडे अर्ज केला नव्हता. हल्ला चालू असताना पाकिस्तानातले सूत्रधार इंटरनेटवरून बोलत होते. त्यासाठी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका कंपनीकडे खोट्या नावानं खातं उघडलेलं होतं. दिल्लीतल्या परवान्याची एकही अट त्या कंपनीपर्यंत पोचत नव्हती. उपयोग कशाचा झाला? चालू कॉल ऐकले गेले आणि नंतर त्या कंपनीच्या नोंदी अमेरिकी यंत्रणांमार्फत मिळाल्या, म्हणून सूत्रधारांचे आवाज न्यायालयापुढे आले. म्हणजे परवाना देताना काय लिहून घेतलं यापेक्षा सेवा चालू असताना नोंदी ठेवल्या जातात का, त्या मागताच मिळतात का, याला महत्त्व होतं. आणि मुंबईत ते रबरी होडीतून उतरले तेव्हा त्यांना हटकलं ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी.

हरिहरेश्वरची बोट तर इथल्या सगळ्यांना आठवते. १८ ऑगस्ट २०२२ ला 'लेडी हान' नावाची रिकामी बोट वाहत आली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं सापडली. दहीहंडीच्या आदल्या दिवशी अख्खा जिल्हा हादरला. चौकशीत निघालं की ती ऑस्ट्रेलियन मालकीची नौका ओमानजवळ बिघडली, माणसांना वाचवून नेलं गेलं आणि बोट समुद्राच्या प्रवाहाबरोबर आमच्याकडे आली. ती पहिल्यांदा दिसली किनाऱ्यावरच्या लोकांना आणि त्यांनीच पोलिसांना कळवलं. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ रडारवर संशयित पाकिस्तानी बोट दिसल्याची बातमी आली, भर पावसात पोलीस आणि तटरक्षक दलानं समुद्र धुंडाळला, आणि शेवटी निघाला मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया. त्या शोधात ज्यांनी रात्री जागवल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या दोन्ही घटनांमधून परवान्यासाठी जास्त कागद हवेत असा निष्कर्ष निघतोच कसा? निष्कर्ष निघतो तो एवढाच की समुद्रावर नजर ठेवणारी माणसं आणि त्यांच्या हातातलं संपर्काचं साधन यावर किनाऱ्याचं रक्षण उभं आहे. आणि नेमकं ते साधनच या कागदांनी अडवून ठेवलं आहे.

आमच्याकडची मोठी नौका पापलेट, सुरमईसाठी निघाली की चार-आठ दिवस परतत नाही. किनारा मागे पडला की काही मैलांत मोबाईल मुका होतो. व्हीएचएफ बिनतारी संच असतो, पण त्याचा पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याइतका. पलीकडे दुसरी नौका असेल तर निरोप पुढे जातो, नसेल तर नाही. तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, केबिनमध्ये छताजवळ एक प्लास्टिकची पिशवी खोचलेली असते. तिच्यात नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र आणि आधार कार्ड, डिझेलचे कागद असतात. खाऱ्या हवेनं कडा मऊ झालेले, चार वेळा लॅमिनेट केलेले ते कागद तटरक्षक दलाची बोट आडवी आली की पुढे करायचे. एवढा कागद ज्याच्यापाशी आहे, ज्याची ओळख सरकारच्या चार खात्यांना पाठ आहे, त्याला उपग्रह फोन मात्र मिळत नाही.

कारण उपग्रह फोन विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. २०१२ मध्ये नौवहन महासंचालनालयानं भारतीय जलक्षेत्रात थुराया, इरिडियम फोन वापरायला बंदी केली. २०१७ पासून बीएसएनएल इनमारसॅटची सेवा गाझियाबादच्या केंद्रातून देते, पण ती मुख्यतः सरकारी यंत्रणांसाठी आणि खास मंजुरी घेऊन. त्यामुळे बंदीचा परिणाम असा झाला की ज्याला लपवायचं आहे तो लपवून आणतो, आणि ज्याला वादळात फक्त "आम्ही इथं आहोत" एवढं सांगायचं आहे त्याच्या हाती काही नाही.

यावर सुरक्षेचीच हरकत घेणाऱ्यांना मी सरकारचंच काम दाखवतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी एका योजनेचा शुभारंभ केला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून एक लाख मच्छीमार नौकांवर इस्रोनं विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे, त्यातून दोन्ही बाजूंनी छोटे निरोप जातात-येतात आणि नौका कुठे आहे ते किनाऱ्यावर कळतं. फार चांगली योजना. पण तिनं एक गोष्ट कायमची सिद्ध केली आहे. छोट्या नौकेच्या हाती उपग्रह संपर्क देता येतो, त्यावर नजरही ठेवता येते आणि देश त्यामुळे धोक्यात येत नाही. उलट नौका दिसू लागते. मग नोंदणीकृत नौकेला, ओळख पटलेल्या तांडेलाला, परवानाधारक कंपनीचा फोन त्याच अटींवर घेऊ द्यायला हरकत कोणती? मे २०२५ मध्ये उपग्रह कंपन्यांसाठी ज्या सुरक्षा अटी आल्या त्यांत सीमावर्ती आणि किनारी पट्ट्यात, अगदी २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रापर्यंत, विशेष देखरेखीची तरतूद आहे. म्हणजे आमच्या नौका जिथं जिथं जाळी टाकतात तो सगळा समुद्र त्यात आला. चालेल. ठेवा देखरेख. पण देखरेख ठेवण्यासाठी आधी सेवा असावी लागते.

समुद्रावरचं राहू द्या, जमिनीवरचं बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. काही तासांत विजेचे खांब, मोबाईलचे मनोरे, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यातल्या गावांचा संपर्क तुटला तो कित्येक दिवस. टाळेबंदी चालू होती, मुंबईतली मुलं निघूनही येऊ शकत नव्हती, आणि आईवडिलांच्या घरावर छप्पर आहे की नाही हे कळायला कोणीतरी मोटारसायकलवरून रेंज असलेल्या ठिकाणी जाईपर्यंत थांबावं लागत होतं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना उपग्रह सेवा ही श्रीमंतांची चैन वाटत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, मच्छीमार सोसायटीत एकेक छोटी तबकडी बॅटरीवर चालली असती तर तहसीलदाराला कोणत्या गावात काय हवं आहे ते त्याच संध्याकाळी कळलं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या जिल्ह्यांचा प्राधान्यानं उल्लेख झाला. त्या जिल्ह्यांची गरज खरी आहे. पण वादळाच्या वाटेवरचा किनाराही त्या यादीत असायला हवा होता.

कडक परवान्याच्या बाजूनं दुसरा मुद्दा येतो तो पैशाचा आणि चोरीचा. दार उघडलं की बेकायदा धंदा वाढेल, असं म्हणतात. आमच्या भागानं याचा उलटा अनुभव घेतला आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची किती घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली हे इथल्या कोणालाही विचारा. मक्तेदारीच्या काळात आयएसडी बूथमध्ये मिनिटामिनिटाला धडधडणारा तो आकडा बघत बोलायचं, अर्धं वाक्य झालं की फोन ठेवायचा. कायदेशीर कॉल महाग होता म्हणूनच चोरट्या कॉलचा बाजार उभा राहिला. २००२ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा प्रवेश शुल्क होतं २५ कोटी रुपये. २००६ मध्ये ते अडीच कोटींवर आणलं. दर कोसळले, घराघरांतून निवांत बोलणं सुरू झालं. बेकायदा एक्सचेंज पूर्ण संपली नाहीत. सिमबॉक्स लावून परदेशी कॉल स्थानिक म्हणून उतरवणाऱ्या टोळ्यांवर भिवंडीसह अनेक ठिकाणी छापे पडले आहेत. पण त्या टोळ्यांपैकी परवान्यासाठी अर्ज करायला कोण गेलं होतं? अर्जाचे रकाने फक्त अर्ज करणाऱ्याला अडवतात.

आणि कागद काढून टाकल्यानं काय होतं याचीही परीक्षा देशानं घेतली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटर आणि तत्सम कंपन्यांची दूरसंचार विभागाकडची नोंदणी रद्द केली गेली, बँक हम्या गेल्या, घरून काम करण्यावरच्या अटी गेल्या. पुढच्या वर्षी नियम आणखी सैल झाले. तेव्हाही सुरक्षेचा प्रश्न विचारला गेला होता. वर्षं उलटली, त्या नोंदणीवाचून काही बिघडलं असं कोणी दाखवलेलं नाही.

केबलचा विषय थोडक्यात, पण तो सोडता येत नाही. देशाचा बहुतेक सगळा आंतरराष्ट्रीय इंटरनेट समुद्राच्या तळावरच्या केबलींतून येतो. मुंबईत उतरणाऱ्या जवळजवळ सगळ्या केबली वर्सोव्याच्या पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात दाटल्या आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं जून २०२३ च्या शिफारशींमध्ये परवानग्या एकाच ऑनलाईन दारातून द्याव्यात, केबलींना अत्यावश्यक सेवेचा दर्जा द्यावा आणि दुरुस्तीसाठी आपली स्वतःची जहाजं असावीत असं सांगितलं. आजवर दुरुस्तीला परदेशी जहाज बोलवावं लागतं, आणि त्या जहाजाच्या परवानग्या होईपर्यंत तुटलेली केबल तळाशी पडून असते. तांबड्या समुद्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केबली तुटल्या तेव्हा देशातल्या जोडण्या मंदावल्या. संकटात मदतीला येणाऱ्याला दारात थांबवणारा कागद सुरक्षेचा कसा? वर्सोव्यापासून जवळच आमचा किनारा आहे, पनवेलला २०२० पासून मोठं डेटा सेंटर चालू आहे, तरी नवी केबल पुन्हा वर्सोव्यालाच जाते. माझं मत असं, की जिथं जुनी मंजुरी आहे तिथंच घुसणं सोपं म्हणून हे होतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायला लावणारी पद्धत देशाचं रक्षण करत नाही.

मात्र एक कागद वाढवा, असं मी ठामपणे म्हणेन. केबल आमच्या समुद्रातून जाणार असेल तर तिचा मार्ग मच्छीमार सोसायट्यांना आधी दाखवला पाहिजे, त्यांचं म्हणणं लेखी घेतलं पाहिजे, आणि जाळं अडकून फाटलं तर भरपाई कोण देणार हे परवान्यातच लिहिलं पाहिजे. नाविकांच्या नकाशावर केबलीची रेघ असते, पण डोल जाळं लावणाऱ्याच्या हाती तो नकाशा नसतो. इतक्या खात्यांच्या रांगेत ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याच्यासाठी एक रकाना असावा.

मला कंपन्यांची वकिली करायची नाही. परवाना म्हणजे औपचारिकता, तो ताबडतोब द्या, असं म्हणणारेही मला तितकेच अमान्य आहेत. मालकी उघड हवी. केंद्र भारताच्या जमिनीवर हवं. न्याय्य आदेशानं संभाषण तपासता यावं, कॉलच्या नोंदी ठरलेला काळ जपाव्यात आणि अट मोडली तर परवाना खरोखर काढून घेतला जावा. पण हे सगळं सेवा चालू असताना तपासायचं काम आहे. त्यासाठी तांत्रिक माणसं नेमावी लागतात, अचानक भेटी द्याव्या लागतात. सुरुवातीलाच सगळे दाखले मागून घेतले की पुढे पाहायला नको, ही सवय मोडली पाहिजे.

आता ती मोडायची संधी आहे. १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे सेवा-परवान्यांचे नियम आता आकार घेत आहेत. त्या नियमांत एवढं लिहा : माहिती एकदाच मागायची आणि ती सगळ्या खात्यांनी वापरायची. प्रत्येक खात्याला दिवसांची मुदत. मुदतीत उत्तर दिलं नाही तर कारण लेखी, आणि ते अर्जदारापुरतं न ठेवता जाहीर. केबल दुरुस्तीच्या जहाजाला आणि आपत्तीच्या वेळी लागणाऱ्या उपग्रह यंत्रांना तात्पुरती मंजुरी तासांत. नोंदणीकृत मच्छीमार नौकांना उपग्रह फोन घेण्याचा सरळ मार्ग, तोही जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून, दिल्लीला न जाता.

आणि रायगडच्या खासदारांकडे माझी एक मागणी आहे. गेल्या पाच वर्षांत आलेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार परवान्याचा प्रत्येक अर्ज कोणत्या खात्यात किती दिवस पडून होता, आणि त्या दिवसांत सुरक्षेची कोणती ठोस हरकत निघाली, हा प्रश्न त्यांनी संसदेत विचारावा. हरकती निघाल्या असतील तर त्यांची संख्या तरी सांगायला सरकारला अडचण नसावी. ते उत्तर पटलावर येईपर्यंत शेखाडीचं नाव कोणी या वादात घेऊ नये.